आमचें कीं आपलें?

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत ज्याला फार तर दोन पानें मिळतात, पण ज्याचा निकाल शिकणाराच्या हातून जन्मभर लागत नाहीं, असें एक प्रकरण आहे. नामांचीं व सर्वनामांचीं स्वामित्वदर्शक रूपें हें तें प्रकरण. नोकरींतून मोकळे होऊन आम्ही रत्नागिरीस येऊन राहिल्यास आतां बरींच वर्षें झालीं. दिवेलागणीच्या आधीं आळींतील पांचसहा मुलें आमच्या ओटीवर इंग्रजी शिकावयास येतात. क्रियापदाचे काळ तीं घोकून पाठ करतात. 'इन्', 'ऑन्', 'अ‍ॅट्' यांच्याशीं रडतकढत कां होईना, तह करतात. पण 'हिज्', 'हर्', 'इट्स्' आणि नामाच्या डोक्यावर लटकणारा तो स्वल्पविराम यांच्याशीं गांठ पडली, कीं चांगलीं हुशार मुलेंहि अडखळतात. त्यांच्या आईबापांना याचा राग येतो. आम्हांस कौतुक वाटतें. मूल येथें अडखळतें तें बुद्धि कमी म्हणून नव्हे, तर त्याची स्वतःची भाषा त्याच्या कानांत जागी असते म्हणून.

'सीता आणि तिचा भाऊ' याचें इंग्रजी करावयास सांगितलें, कीं पांचांतील दोन मुलें तरी 'सीता अँड हिज् ब्रदर' असें लिहितात. शिक्षक तांबडी रेघ मारतो आणि 'सीता बाई आहे, म्हणून हर्' असें सांगून मोकळा होतो. सीता बाई आहे हें मुलांना ठाऊक नसतें थोडेंच! परंतु 'तिचा' या शब्दांत कानावर ठसतो तो शेवटचा 'चा'. आणि तो 'चा' सीतेचा नव्हे, भावाचा आहे. भाऊ पुल्लिंगी म्हणून 'चा'. बहीण असती तर 'ची' झाला असता, घर असतें तर 'चें'. मराठी शब्दाला असे दोन पाय आहेत. 'ति' हा पाय जिची वस्तु तिच्या बाजूस, 'चा' हा पाय वस्तूच्या बाजूस. आमच्या कोंकणांत वहाळावर साकव घालतात, तो जसा दोन्ही कांठांवर टेकलेला असतो तसा हा शब्द आहे. इंग्रजीनें एकच कांठ धरला. 'हिज्' आणि 'हर्' हे मालकाकडे तेवढें पाहतात. वस्तु कोणती, एक कीं अनेक, याची त्यांना दरकार नाहीं. फ्रेंचांनीं नेमका दुसरा कांठ पकडला. त्यांचीं 'सों' आणि 'सा' हीं रूपें वस्तूच्या लिंगाप्रमाणें बदलतात, आणि मालक पुरुष कीं स्त्री हें ज्याचें त्यानें संदर्भावरून ओळखावें. तेव्हां सीतेच्या भावाला 'हिज् ब्रदर' म्हणणारा आमच्या आळींतला मुलगा नकळत फ्रेंचांच्या नियमानें इंग्रजी लिहीत असतो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

नपुंसकलिंगाची हकीकत याहून गमतीची आहे. मराठींत 'तो' आणि 'तें' या दोहोंचेंहि षष्ठीचें रूप एकच. बाळूचीं पुस्तकें तीं त्याचीं, आणि झाडाचीं फळें तींहि त्याचींच. इंग्रजीची जुनी रीत हीच होती. 'हिज्' हा एकच शब्द पुरुषालाहि चाले आणि झाडालाहि. 'इट्स्' हा शब्द उगवला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. १६११ सालीं बायबलाचें जें सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतर छापलें गेलें, त्यांत निर्जीव वस्तूंसहि 'हिज्' लावलेला आढळतो. पुढें नवा शब्द रूढ झाल्यावरहि कित्येक इंग्रज तो दीर्घकाळ अपॉस्ट्रॉफी घालूनच लिहीत. आज तशी ती घातली तर शब्दाचा अर्थ 'इट् इज्' असा होतो आणि परीक्षक गुण कापतो. ज्या लेखनाबद्दल आज रत्नागिरीच्या मुलाचा अर्धा गुण जातो, तें अडीचशें वर्षांपूर्वीं खुद्द इंग्रजांच्या पुस्तकांत खपून जात असे, हें आम्ही मुलांना मुद्दाम सांगतों. त्यानें गुण परत मिळत नाहीं. पण चेहरा खुलतो.

अपॉस्ट्रॉफीचें मूळ काम मालकी दाखविण्याचें नव्हतेंच. सोळाव्या शतकांत ती इंग्रजी छापखान्यांत आली ती गाळलेल्या अक्षराची जागा दाखविण्याकरितां. जुन्या इंग्रजींत षष्ठीच्या एका प्रत्ययांत 'स्' च्या मागें एक स्वर होता. तो उच्चारांतून गेला आणि त्याच्या जागीं ही खूण राहिली. मेलेल्या स्वराची समाधीच म्हणाना! मधल्या काळांत लोकांना याचा इतका विसर पडला, कीं हा 'स्' म्हणजे 'हिज्' चाच अवशेष असावा अशा समजुतीनें 'द किंग् हिज् बुक', म्हणजे 'राजा त्याचें पुस्तक', अशीहि रचना लोक करूं लागले. मराठीचा मार्ग निराळा. येथें प्रत्यय लागण्यापूर्वीं नामालाच वांकावें लागतें. घोड्याचा, विहिरीचा, भावाचा. सामान्यरूप झाल्यावांचून नामाला कोणाशीं नातें जोडतां येत नाहीं. इंग्रजी नाम ताठ उभें राहतें आणि खूण त्याच्या शेपटीला डकविली जाते. कधीं कधीं तर ती भलत्याच शब्दाच्या शेपटीला जाते. 'द किंग ऑफ बर्माज् पॅलेस' असें म्हटलें तर प्रत्यय ब्रह्मदेशाला लागतो आणि राजवाडा राजाचा असतो.

हें उदाहरण आम्ही उगाच घेतलेलें नाहीं. रत्नागिरींत या प्रकरणाचा सर्वांत मोठा नमुना समुद्राकडे तोंड करून टेकडीवर उभा आहे. १८८५ सालीं इंग्रजांनीं मंडाले घेतलें आणि ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा यास पदच्युत केलें. १८८६ सालीं त्याला रत्नागिरीस आणून ठेवण्यांत आलें. त्याच्यासाठीं सरकारनें बांधलेला राजवाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला, आणि १९१६ च्या डिसेंबरांत राजा वारला. म्हणजे ज्याला सारा गांव 'थिबाचा राजवाडा' म्हणतो, त्यांत थिबा सहा वर्षेंच काय तो राहिला. जमीन त्याची नव्हती, भिंती त्याच्या नव्हत्या, आणि दरवाजाबाहेर पाऊल टाकावयाचें तर सरकारची परवानगी लागे. पुढें त्या वास्तूंत सरकारी संस्था नांदल्या. आतां तेथें पुराणवस्तूंचें संग्रहालय आहे. मालकी कधींहि ज्याची नव्हती त्याचें नांव तेवढें चिकटून राहिलें. आमच्या वर्गांतल्या एका मुलीनें विचारलें, 'आजोबा, मग थिबाज् पॅलेस हें इंग्रजी चूक का?' चूक मुळींच नाहीं. तुरुंगांत ठेवलेल्या माणसाची कोठडीहि 'हिज् सेल' च असते.

मग ही विभक्ति दाखविते तरी काय? इंग्रजी वैयाकरणांनीं हिला 'पझेसिव्ह' हें नांव दिलें, आणि आमच्या मतें तेथेंच घोटाळा केला. 'पझेशन' म्हणजे ताबा. वकिलाला विचारा, ताबा निराळा आणि मालकी निराळी हें तो फी न घेतां सांगेल. आणि 'माय फादर', 'माय व्हिलेज', 'माय डेथ' यांत ना ताबा, ना मालकी. आपल्या पूर्वजांनीं येथें अधिक सावधपणा दाखविला असें आम्हांस वाटतें. पाणिनीनें षष्ठीचा अर्थ 'शेष' या एका शब्दांत बसविला. कर्ता, कर्म, करण वगैरे क्रियेशीं असलेलीं नातीं वांटून झाल्यावर जीं उरतात तीं सारीं नातीं षष्ठीचीं. मराठी व्याकरणांनींहि तिचा अर्थ 'संबंध' असाच दिला. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ चें; त्यानंतर पाऊणशें वर्षांनीं, १९११ सालीं, मोरो केशव दामल्यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झालें. मालगुंडास जन्मलेल्या केशवसुतांचे हे धाकटे बंधु. मालगुंड येथून फार लांब नाहीं, आणि केशवसुतांचें स्मारक पाहावयास माणसें तेथें जातात. पण एकाच घरांतील एका भावानें मराठी कवितेला वळण दिलें आणि दुसऱ्यानें तिच्या व्याकरणाचा कसून विचार केला, याची आठवण जाणारांपैकीं किती जणांस असते कोण जाणे! असो. सांगावयाचें तें हें, कीं चा-ची-चें हे प्रत्यय मालकीचा दावा करीत नाहींत. नातें आहे एवढेंच ते सांगतात. कसलें नातें, तें ज्याचें त्यानें समजावें.

मालकीची गोष्ट मराठींत येते ती क्रियापदाच्या जागीं, आणि येथें तर मुलांची फारच तारांबळ उडते. कारण इंग्रजांचें 'हॅव्' हें क्रियापद आपल्याकडे नाहींच. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याजवळ दोन रुपये आहेत', 'माझीं दोन घरें आहेत', 'मला ताप आहे' हीं चार वाक्यें इंग्रजाच्या हातीं दिलीं तर चोहोंकडे तो एकच 'आय् हॅव्' ठोकील. भाऊहि 'हॅव्', तापहि 'हॅव्', घरहि 'हॅव्'. मराठी माणूस मात्र आधीं वस्तु आपल्याशीं कशी लागून आहे याचा विचार करतो. पैसा केवळ 'जवळ' असतो. आज आहे, उद्यां दुसऱ्याजवळ जाईल. घर 'माझें' असतें. आणि आप्तांना तर आपण चतुर्थींत बसविलें आहे. ते 'मला' असतात, जसा ताप 'मला' असतो. भाऊ आणि ताप एका विभक्तींत घालण्यांत कोणाची कांहीं थट्टा असेल असें नव्हे. दोन्ही आपण मिळविलेल्या वस्तु नव्हेत, दोन्ही आपल्या वांट्यास येतात, एवढाच त्यांतला भाव. आमचा एक विद्यार्थी 'नियर मी इज् अ पेन' असें लिहितो. परीक्षेकरितां तें आम्ही खोडतों; पण लेखणीवर आपला हक्क नाहीं, ती तूर्त आपल्यापाशीं आहे, इतका विवेक त्या वाक्यांत आहे आणि 'आय् हॅव् अ पेन' मध्यें नाहीं, हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

हा विवेक केवळ ओटीवरचा नव्हे. जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर ज्याचें नांव असतें त्याला सरकार 'मालक' म्हणत नाहीं, 'भोगवटादार' म्हणतें, आणि त्याचेहि वर्ग एक व वर्ग दोन असे भेद करतें. पहिल्याला जमीन विकण्याची सामान्यतः मोकळीक, दुसऱ्यावर निर्बंध. रत्नागिरी जिल्ह्याइतका या षष्ठीच्या पायीं झगडलेला मुलूख दुसरा क्वचितच असेल. गांव खोताचें कीं कुळांचें, हा येथला पिढ्यान्‌पिढ्यांचा तंटा. खोत सरकारांत सारा भरी आणि कुळांकडून धान्याचा वांटा घेई. 'गांव आमचें' असें तो म्हणे, आणि चिखलांत गुडघाभर उभें राहून भात लावणारीं माणसें 'जमीन आमची' असें मनांतच म्हणत. १८८० सालीं खोतांविषयीं एक कायदा झाला, पण तंटा मिटला नाहीं. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोतीपद्धति नाहींशी करण्याचें विधेयक मांडलें. १९४८ सालीं कूळकायदा आला, १९४९ सालीं खोती रद्द करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या दिवशीं कायद्यानें कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरेदीदार मानलें.

त्या चळवळीची घोषणा सर्वांना पाठ आहे: कसेल त्याची जमीन. इंग्रजींत हीच घोषणा 'लँड टु द टिलर' अशी आहे. तेथें जमीन कसणाऱ्याला द्यावयाची आहे. 'टु' हा देण्याचा प्रत्यय आहे, आणि देणारा कोणीतरी वर बसलेला आहे. मराठी घोषणेंत देणारा नाहीं. जो कसतो त्याची ती आहेच. कायद्यानें फक्त मान डोलवावयाची. एका षष्ठीनें एवढें काम केल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. एक खोंच मात्र राहते. साकवाचा एक पाय जमिनीवर आहे, म्हणून 'ची'. दुसरा पाय 'त्या' वर आहे. भाताची लावणी कोंकणांत मुख्यतः बायका करतात. 'कसेल तिची जमीन' असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

बायकांचा विषय निघाला आहे तर सर्वनामाची आणखी एक करामत सांगावयास हवी. जुन्या वळणाच्या घरांत बायको नवऱ्याचें नांव घेत नसे. ती 'आमचे हे' म्हणे. यांत नांव नाहीं, नातें सांगणारें नाम नाहीं. एक दर्शक सर्वनाम आणि एक षष्ठी, एवढ्यावर सारा संसार उभा! 'माझे हे' असेंहि ती म्हणत नसे. एकटीची मालकी सांगणें बरें दिसत नाहीं म्हणून अनेकवचन. याचें इंग्रजी करूं गेल्यास 'अवर धिस्' असें कांहींतरी हास्यास्पद होईल. उलट इंग्रज आपल्या पत्राखालीं अनोळखी साहेबालाहि 'युअर्स फेथफुली' लिहून स्वतःला त्याच्या स्वाधीन करून टाकतो, आणि आपणहि त्याच्या नादानें 'आपला विश्वासू' लिहूं लागलों.

या 'आपला' शब्दापाशीं मात्र इंग्रजी अगदींच उघडें पडतें. 'रामानें आपलें घर विकलें' आणि 'रामानें त्याचें घर विकलें' यांत केवढें अंतर आहे! पहिल्या वाक्यांत राम बेघर झाला. दुसऱ्यांत बहुधा दुसराच कोणीतरी. इंग्रजींत दोन्हींकडे 'हिज् हाउस', आणि घर कोणाचें गेलें हें समजावयास पुढचें वाक्य वाचावें लागतें. शिवाय 'आपला' चा एक असा उपयोग आहे, कीं ज्यांत कांहींच कोणाचें नसतें. 'मी आपला गप्प बसलों.' यांतला 'आपला' कोणाचा? मुलांनीं हा प्रश्न आम्हांस अनेकदां घातला आहे. आम्ही आपले हंसतों.

परंतु सर्वांत मोठा भेद 'आमचें' आणि 'आपलें' यांचा. ऐकणाराला बाहेर ठेवून जें सांगावयाचें तें 'आमचें'. त्याला आंत घेऊन सांगावयाचें तें 'आपलें'. दारांत आलेल्या पाहुण्याला 'हें आमचें घर' म्हटलें तर माहिती दिली. 'हें आपलेंच घर' म्हटलें तर पाट मांडला. असा भेद द्राविड भाषांतहि आहे, गुजरातींतहि आहे, इंग्रजींत नाहीं. तेथें दोहोंना मिळून एकच 'अवर'. व्याकरणाच्या तासाला ही गोष्ट पांच मिनिटांत सांगून होते. पण गेल्या वर्षीं ती आमच्यापुढें अशा रीतीनें आली, कीं तिची पांच मिनिटांत वासलात लावतां आली नाहीं.

आमच्या नात्यांतल्या एक काकू रत्नागिरीपासून कांहीं मैलांवरच्या एका गांवीं एकट्याच राहतात. वय पंच्याऐंशीच्या घरांत. काका जाऊन बरींच वर्षें झालीं, मूलबाळ नाहीं. दोघे दीर तरुणपणींच मुंबईस गेले आणि तिकडचेच झाले. आतां तेहि नाहींत. घर वडिलोपार्जित, तिघांच्या वांट्याचें, वांटप कधीं झालेलें नाहीं. मागें परसू, विहीर आणि हापुसाचीं सात कलमें. दर वर्षीं मृगापूर्वीं कौलें परतून घेणें, विहिरीवरचा रहाट नीट करणें, कलमांची राखण आणि गणपतीचें सारें काकूंनीं पन्नास वर्षें केलें. इंग्रजी त्यांना येत नाहीं. त्यांच्या धाकट्या दिरांचा नातू मेलबर्नला जन्मला, तेथेंच वाढला. मुलगा सालस आहे. आठ वर्षांचा असतांना एकदां आला होता, तेव्हां रहाटावरून उतरेना, असें काकू सांगतात. त्याला मराठी समजतें, लिहितां येत नाहीं. त्यानें काकूंना म्हणून इंग्रजींत पत्र लिहिलें आणि ते ई-मेलनें आमच्याकडे धाडलें, आम्हीं वाचून दाखवावें म्हणून.

पत्र मायेचें होतें. प्रकृतीची चौकशी होती, पावसाची होती. मग एक परिच्छेद घराविषयीं होता, आणि त्यांत 'अवर हाउस' हे शब्द तीनदां आले होते. 'अवर हाउस' जुनें झालें आहे. 'अवर हाउस' चें पुढें काय करावयाचें तें आतां ठरवावें लागेल. डॅडी म्हणतात, कीं 'अवर हाउस' रिकामें पडण्यापेक्षां वेळींच कांहीं केलेलें बरें. आम्ही वाक्यावाक्याला मराठी करून सांगत होतों, तें येथें थांबलों. 'आमचें घर' म्हणावें तर पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला तिच्याच माजघरांत पाहुणी करून टाकावयाचें. 'आपलें घर' म्हणावें तर जें पत्र लिहिणाराच्या मनांत आहे कीं नाहीं ठाऊक नाहीं, तें आम्हीं आपल्या पदरचें घालावयाचें. व्याकरणाचें सारें ज्ञान येथें निरुपयोगी. शेवटीं आम्हीं तो शब्द होता तसाच ठेवला आणि म्हटलें, 'तो लिहितो, अवर हाउस जुनें झालें आहे.'

काकू खाटेवर बसून वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, 'अवर म्हणजे काय रे? आमचं कीं आपलं?'

आम्हीं सांगितलें, कीं इंग्रजींत दोहोंना एकच शब्द आहे.

'मग त्यानं कुठलं लिहिलंन आहे तें त्याला विचार,' काकू म्हणाल्या, आणि पुन्हां वातींकडे वळल्या.

आम्हीं तसें विचारलें. प्रश्न त्या मुलाला समजावा म्हणून पानभर इंग्रजी लिहावें लागलें. त्याचें उत्तर आलें, कीं असे दोन शब्द आहेत हें त्याच्या ध्यानांतच आलें नव्हतें, घरीं सारे बोलतात तें ऐकून त्यानें लिहिलें, आणि तो वडिलांना विचारून कळवील. वडिलांना मराठी उत्तम येतें. ते मुंबईंत शिकलेले. त्यांच्याकडून सहा आठवडे कांहीं आलें नाहीं. मग मुंबईच्या एका वकिलाकडून जाड लिफाफा आला. आंत हक्कसोडपत्राचा मसुदा होता, शुद्ध मराठींत.

तो आम्हीं काकूंना वाचून दाखविला. त्यांत 'आमचें' नव्हतें आणि 'आपलें' हि नव्हतें. घराला आरंभापासून शेवटपर्यंत 'सदर मिळकत' म्हटलें होतें. चतुःसीमा तेवढ्या सविस्तर होत्या. पूर्वेस अमक्यांचें आगर, पश्चिमेस तमक्यांची पायवाट, दक्षिणेस देवाची जागा. चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना त्यांचे चा-ची-चें बिनचूक मिळाले होते. मधल्या घराला एकहि षष्ठी नव्हती. काकूंचें नांव पहिल्याच पानावर होतें, आणि त्याच्यापुढें 'लिहून देणार' असें छापलें होतें.

काकूंनीं तें दोनदां वाचून घेतलें. कलमें सात लिहिलीं आहेत कीं सहा, हें विचारलें. मागल्या वादळांत एक मोडलें, तेव्हां सहाच लिहायला हवीं होतीं, असें म्हणाल्या. मग कागद हातांत घेऊन त्या आंत गेल्या. तो फडताळांत आहे. मुंबईहून दोनदां विचारणा झाली. काकूंनीं अद्याप सही केलेली नाहीं. यंदाहि मृगाच्या आधीं त्यांनीं कौलें परतून घेतलीं.